अनोळखी घटनेची नोंद

श्रीपूर हे साखर कारखान्याचे गाव. पाळी बदलताना यंत्रावरचा माणूस वहीत नोंदी का करून ठेवतो, हे तिथल्या मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही. संगणकही अशीच वही ठेवतो. जुन्या थिंकपॅड लॅपटॉपवर लिनक्स चालवले, की त्या वहीत कधीकधी एक चमत्कारिक ओळ सापडते : अमुक क्रमांकाची घटना घडली, ती ओळखीची नाही, त्या वेळची परिस्थिती कळवा. यंत्र बिघडले अशी शंका येते. बहुधा तसे नसते. मग ही ओळ येते कुठून?

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ हे मानक प्रसिद्ध केले. वीज, तापमान, झाकणाची उघडझाप यांविषयी यंत्राने ऑपरेटिंग सिस्टिमला कसे कळवायचे, ते त्यात ठरले. पण खास बटणे आणि खास सूचना यांसाठी कंपन्या आपापले सांकेतिक क्रमांक वापरत राहिल्या. थिंकपॅड तेव्हा आयबीएमचे होते. २००५ मध्ये तो व्यवसाय लेनोव्होकडे गेला. त्यांच्या क्रमांकांचे बरेचसे अर्थ जाहीर नव्हते. विकत घेतलेल्या यंत्राची भाषा मालकालाच कळू नये, हे आम्हाला खटकते.

बोरिस्लाव्ह देयानोव्ह यांनी थिंकपॅडसाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिला आणि ब्राझीलच्या एनरिके होल्शू यांनी तो वाढवला. अनोळखी क्रमांक गुपचूप टाकून न देता वहीत लिहायचा आणि वापरणाऱ्यालाच विचारायचे, अशी ही रीत. झाकण मिटले होते का? चार्जर काढला होता का? अशा उत्तरांतून अर्थांचा तक्ता भरत गेला.

त्या तक्त्यातले दोन क्रमांक पाहा. ६०१२ म्हणजे बॅटरी धोकादायक तापली आहे. यंत्र ताबडतोब निद्रिस्त किंवा बंद करायला हवे. ६०३२ बराच काळ अनोळखी म्हणून छापला जाई; तो निघाला तापमान-नियंत्रणाचा एक आदेश पूर्ण झाल्याची साधी वर्दी. दिसायला दोघे भावंडे! नुसता आकडा पाहून घाबरणे जितके चूक, तितकेच दुर्लक्ष करणेही. २०२० नंतर लेनोव्होचे अभियंतेही या ड्रायव्हरवर काम करू लागले, त्यामुळे अनोळखी क्रमांक कमी होत आहेत.

वर्गात अशी ओळ आढळलीच, तर तिच्या सुरुवातीचा कंसातला आकडा पाहावा. तो यंत्र सुरू झाल्यापासूनचे सेकंद सांगतो. त्या क्षणी कोणी काय केले होते ते मुलांना आठवायला सांगावे, तीच कृती पुन्हा करावी आणि ओळ पुन्हा उमटते का ते पाहावे.