पावणेपाच लाख भोकं

मागच्या शनिवारी सकाळी आईचा फोन. "तुझ्या मामाला जरा समजाव. तुझं ऐकतो तो."

मामा नाशिकला असतो. वय चव्वेचाळीस. वीस वर्षं एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली आणि आता म्हणतोय की नोकरी सोडून सिनेमॅटोग्राफी शिकणार. मामी दोन दिवस त्याच्याशी बोललेली नाही. आणि मी पडलो घरातला आयटीवाला, म्हणजे जगातल्या कुठल्याही विषयावरचा फुकट सल्लागार :)

फोन लावला. माझे सगळे मुद्दे (इएमआय, मेडिक्लेम, धाकटीची दहावी) मामाने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच वाक्य टाकलं, "अरे, फाळक्यांनी कॅमेरा हातात घेतला तेव्हा त्यांचं वय किती होतं?"

नाशिककरांचा हुकमाचा एक्का! मला उत्तर देता आलं नाही. मग म्हटलं, वाद घालायचा तर तयारीनिशी घालू. विकांत त्यातच गेला. तर मंडळी, हा त्याचा हिशोब.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७०चा, त्र्यंबकेश्वरचा. 'येशूचं चरित्र' हा मूकपट त्यांनी मुंबईत १९१०-११च्या सुमारास पाहिला, म्हणजे तेव्हा त्यांनी चाळिशी गाठलेली होती. पडद्यावर येशू दिसत होता आणि यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण. इथपर्यंतची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. शाळेत सांगत नाहीत ते हे, की त्या वेळी हा माणूस बेकार होता. छपाईचा धंदा त्यांनी नावारूपाला आणला होता, १९०९मध्ये त्यासाठी जर्मनीलाही जाऊन आले होते. पण भागीदारांशी बिनसलं आणि ते बाहेर पडले. आजच्या भाषेत सांगायचं तर को-फाउंडर स्टार्टअप सोडून घरी बसलेला.

आता दुसरा मुद्दा. ते खरंच 'बिगिनर' होते का? जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात पुढचं शिक्षण, गोध्र्याला फोटोग्राफीचा स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग ब्लॉक आणि रंगीत छपाई. शिवाय जादूचे प्रयोग करायचे, तेही 'प्रोफेसर केल्फा' या नावाने (फाळके उलटं वाचा!). म्हणजे भिंग, प्रकाश, रसायनं, अंधारी खोली आणि प्रेक्षकाचे डोळे कसे फसतात, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. एकच गोष्ट नवी होती, ती म्हणजे चित्र हलवणं. जुना प्रोग्रामर नवीन लँग्वेज शिकतो तसं. सिंटॅक्स नवा, पण डोकं तेच.

शिकले कसे? आधी एक छोटा प्रोजेक्टर आणि फिल्मचे तुकडे मिळवले, पुस्तकं मागवली आणि रोज तासन् तास चित्रपट पाहत बसले. इतके, की डोळे गेले. काही काळ खरोखरच दिसेना. उपचारांनी दृष्टी परत आली, तेव्हा पुन्हा तेच सुरू. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १९१२च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं. ओळखपाळख कुणाची नाही. मुंबईत 'बायोस्कोप' नावाचं साप्ताहिक मागवायचे, त्याच्या कचेरीची पाटी दिसली म्हणून थेट आत शिरले. संपादक कॅबोर्न यांनी आधी परावृत्तच केलं. इंग्लंडमध्येच कित्येक निर्माते बुडालेत आणि हिंदुस्थानची हवा या धंद्याला मानवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पण गडी हटत नाही म्हटल्यावर त्यांनीच सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ म्हणजे त्या काळातले इंग्लंडमधले मोठे निर्माते. वॉल्टनच्या त्यांच्या स्टुडिओत फाळक्यांनी आठवडाभर काम पाहिलं. पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म आणि भोकं पाडायचं यंत्र मागवलं आणि दोन महिन्यांत परत.

आठवडाभर! आमच्याकडे नव्या माणसाला लॅपटॉप मिळायलाच तेवढे दिवस लागतात.

परत आल्यावर भांडवल हवं होतं आणि नुसत्या गप्पांवर पैसे कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर चित्रं घेत रोपाची वाढ टिपली. 'अंकुराची वाढ' ती हीच. आजच्या भाषेत टाइम-लॅप्स. गोष्टीत सांगतात की रोज एकच चित्र घेतलं आणि मिनिटभराची फिल्म झाली. माझ्यातला इंजिनिअर इथे अडला. मूकपटाला सेकंदाला साधारण सोळा चित्रं लागतात. रोज एक म्हटलं तर तीस दिवसांत तीस चित्रं, म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत. मिनिटभरासाठी ९६० चित्रं हवीत, म्हणजे दिवसाला ३२, दर पाऊण तासाला एक! तेव्हा दिवसातून एकदा हँडल फिरवून मोकळे झाले, हे काही पटत नाही. महिनाभर हा माणूस त्या कुंडीपाशी बांधलेला असणार. ती फिल्म पाहून मात्र पैसे मिळाले.

इथपर्यंत मामा जिंकत होता. पण पुढे वाचलं आणि मामी आठवली.

कच्ची फिल्म यायची ती बिनभोकांची. अंधारात बसून तिच्या दोन्ही कडांना भोकं पाडावी लागत, तेव्हा कुठे ती कॅमेऱ्यात सरकायची. हे काम सरस्वतीबाई करायच्या. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट. फुटाला एका कडेला ६४ भोकं, दोन्ही मिळून १२८. गुणाकार केला : ४,७३,६००. पावणेपाच लाख! आणि ही फक्त पडद्यावर आलेल्या लांबीची. वाया गेलेली फिल्म आणि प्रती वेगळ्या. यंत्राने पाडायची असली तरी यंत्र चालवायचं हाताने आणि अंधारात. दिवसा साठेक माणसांचा स्वयंपाक, चित्रीकरणात उजेड परतवायला पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभं राहणं, रात्री फिल्म धुणं. दागिनेही गहाण पडले होते. मुलं लहान होती ती वेगळीच.

कॅमेरा चालवायला फाळक्यांनी त्र्यंबकेश्वरचे जुने स्नेही त्र्यंबक तेलंग यांना तयार केलं. म्हणजे शिकून वर्ष झालं नाही तोच गुरुजी. ३ मे १९१३ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. फाळक्यांना त्रेचाळीस पूर्ण होऊन फक्त तीन दिवस झाले होते. इथे टाळ्या.

पण टाळ्यांवर गोष्ट संपवायची मला आता भीती वाटते. बोलपट आले आणि फाळके मागे पडले. १९३७चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ला नाशिकला ते गेले, तेव्हा ज्या धंद्याचा पाया घातला तो त्यांना जवळजवळ विसरला होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९मध्ये. सरस्वतीबाईंच्या नावाचं काय, ते तुम्हीच सांगा.

रविवारी रात्री मामाला परत फोन केला. म्हटलं, वयाच्या मुद्द्यावर तू जिंकलास. चाळिशीनंतर माणूस शिकू शकतो, कारण आधीची वीस वर्षं वाया जात नाहीत. तू वीस वर्षं बारीक दोष शोधत आलास, तो डोळा कॅमेऱ्यामागेही उपयोगी पडेल. पण दोन प्रश्न आहेत. एक, तुझा वाटाणा कुठाय? फाळक्यांनी लोकांचे पैसे मागण्याआधी काहीतरी करून दाखवलं होतं. आणि दोन, तुझी पावणेपाच लाख भोकं कोण पाडणार आहे? त्या माणसाला विचारलंस का?

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "नाही रे. सांगितलं. विचारलं नाही."

त्यानंतर घरात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. आईने मात्र मला "एक काम धड करत नाहीस" असं सुनावलं. नोकरी अजून सोडलेली नाही, पण सोडणार नाही असंही मामा म्हणत नाहीये. गुरुवारी त्याचा मेसेज आला. गॅलरीतल्या कुंडीचा फोटो, त्यात नुकतीच पेरलेली मेथी आणि समोर स्टँडला बांधलेला मोबाइल. खाली लिहिलं होतं : "मी हापिसात असताना दर पाऊण तासाला तुझी मामी बटण दाबते. म्हणाली, एक महिना. मग बघू."

असो. मेथी किती दिवसांत उगवते हो?