एका करड्या पतंगाची ओळख : पश्चिम भारतात आलेल्या दोन परकीय किडींचा इतिहास

प्रस्तावना

परकीय किडीचा इतिहास बहुधा तिने केलेल्या नुकसानीपासून सांगितला जातो. वस्तुतः त्याचा आरंभ तिची ओळख पटण्यापासून होतो. घरात साठविलेल्या बटाट्यांतून किंवा परसातील टोमॅटोच्या रोपावरून उडणारा लहानसा करडा पतंग सामान्य माणसाच्या दृष्टीने नगण्य असतो. तथापि, असे दोन पतंग वेगवेगळ्या काळी दक्षिण अमेरिकेतील मूळ प्रदेशातून निघून पश्चिम भारतात पोहोचले. त्यांच्या ओळखीचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे.

बटाट्यावरील पतंग

जर्मन कीटकशास्त्रज्ञ झेलर याने १८७३ मध्ये टेक्सासमधील नमुन्यांवरून या पतंगाचे वर्णन केले व त्यास 'ऑपरक्युलेला' हे नाव दिले. पुढच्याच वर्षी फ्रेंच शास्त्रज्ञ ब्वादुव्हाल याने अल्जीरियातील बटाट्यांवरील त्याच पतंगास 'सोलानेला' म्हटले. एकच जीव दोन खंडांत दोन नावांनी नोंदला गेला. नावे निराळी असली की एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाच्या उपयोगी पडत नाही, ही या घटनेची व्यावहारिक बाजू होय.

इ.स. १९०६ मध्ये इटलीहून आणलेल्या बियाण्याच्या बटाट्यांबरोबर हा पतंग मुंबई इलाख्यात आला. तत्कालीन शाही कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०७ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. मादी बटाट्याच्या डोळ्यांजवळ अंडी घालते आणि अळी कंद पोखरत आत शिरते. त्यामुळे शेतात निरोगी दिसलेला माल साठवणीत नासतो. खेड-मंचर परिसरात बटाटा अरणीत साठवून ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही हानी बियाणे व बाजारभाव या दोहोंची होती. १९१४ मध्ये परकीय किडींच्या आयातीस प्रतिबंध करणारा विनाशकारी कीटक व कीड अधिनियम अस्तित्वात आला. तोवर हा पतंग येथे स्थिरावला होता.

टोमॅटोवरील पतंग

दुसऱ्या पतंगाचे नामकरण एडवर्ड मेरिक यांनी केले. इंग्लंडमधील मार्लबरो येथे शिक्षक असलेले मेरिक सूक्ष्म पतंगांचे मोठे अभ्यासक होते. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ पासून भारतीय सूक्ष्म पतंगांची त्यांनी केलेली वर्णने प्रसिद्ध होत होती. १९१७ मध्ये पेरूतील वानकायो येथील नमुन्यावरून त्यांनी 'फ्थोरिमिया ॲब्सोल्यूटा' हे नाव दिले. पुढे अन्य अभ्यासकांनी ही जाती अनेक प्रजातींत हलविली. अखेर १९९४ पासून ती 'टूटा ॲब्सोल्यूटा' म्हणून ओळखली जाऊ लागली. २००६ मध्ये ती स्पेनमध्ये आढळली आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रात पुणे परिसरात व कर्नाटकात टोमॅटोवर तिची नोंद झाली.

ओळखीची अडचण

हे दोन्ही पतंग एकाच कुळातील आहेत. दोघांचेही पंख करडे व ठिपकेदार असून दोघांच्याही अळ्या पाने पोखरतात. शिवाय बटाटा व टोमॅटो एकाच वनस्पतिकुळातील असल्याने यजमान पिकावरूनही निर्णय करता येत नाही. पंख पसरल्यावर टोमॅटोवरील पतंग सुमारे १० मिलिमीटर, तर बटाट्यावरील १२ ते १६ मिलिमीटर भरतो. परंतु केवळ आकारावर विसंबता येत नाही. नराच्या जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी अथवा डीएनए परीक्षण हेच खात्रीचे मार्ग होत. कामगंध सापळ्यासाठी योग्य गंध निवडणेही या निर्णयावरच अवलंबून असते.

निष्कर्ष

२०२१ मध्ये झालेल्या वर्गीकरणविषयक संशोधनाने ही जाती पुन्हा 'फ्थोरिमिया' प्रजातीत आणली. म्हणजे १९०६ चा पाहुणा व २०१४ चा पाहुणा एकाच घराण्यातील ठरले. दोन्ही प्रसंगी नाव, वर्णन व नमुने आगमनापूर्वीच उपलब्ध होते. ज्ञान नव्हते असे नाही. ते बंदरावर, मंडईत व बांधावर वेळेत पोहोचणे आवश्यक होते. वर्गीकरणशास्त्रास केवळ संग्रहालयाचा विषय मानणाऱ्या दृष्टिकोनाचा पुनर्विचार व्हावा, हे या इतिहासाचे सांगणे आहे.