खनिज गेले, मागे काय राहिले?

रत्नागिरीच्या श्रोत्यांपुढे भंडाऱ्याच्या खाणीची कथा कशाला, असे कोणी विचारील. कोकणच्या माणसाने मुंबईची गिरणी पाहिली, गोदी पाहिली; पण जमिनीच्या पोटात उतरणाऱ्या कामगाराची त्याला फारशी ओळख नाही.

तुमसर तालुक्यात चिखला येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. पोलाद करताना लोखंडातील गंधकाचा दोष मँगनीज मारते; त्यावाचून रेल्वेचा चांगला रूळ होत नाही. म्हणूनच १८९६ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश सिंडिकेटने नागपूर, भंडारा व बालाघाटकडे दृष्टी वळविली. १९०५ च्या क्रांतीने रशियाचा पुरवठा अडला, भाव चढले आणि आमच्या खाणींची भरभराट झाली. फर्मर या भूगर्भशास्त्रज्ञाने येथील खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ नाव दिले. गोंडांचे नाव शास्त्रात गेले. नफा मात्र विलायतेस गेला.

खनिज बंदरावर लवकर पोचावे म्हणून रायपूर-विजयनगरम् रेल्वे १९३१ साली पुरी झाली आणि १९३३ साली विशाखापट्टणचे बंदर खुले झाले. कच्चा माल बाहेर जाई, पोलाद परदेशी होई आणि गावाला मजुरी तेवढी उरे. ती मजुरीही अपुऱ्या संरक्षणाची होती. १९२३ च्या कायद्याने जमिनीखालच्या कामाला आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली. दिवसाला आठ तास हा नियम १९५२ च्या कायद्याने आला. स्त्रियांच्या भूमिगत कामावरची आधीपासूनची बंदी त्याच कायद्यानेही कायम ठेवली.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. देशातच पोलाद वाढू लागले. १९६२ साली ‘मँगनीज ओअर (इंडिया)’ कंपनी निघून ५१ टक्के भांडवल केंद्र आणि दोन राज्य सरकारांकडे आले. १९७७ साली ती पूर्णपणे सरकारी झाली. पुढे, २०१० साली, तिचे काही भाग बाजारात विकले गेले.

मालक बदलला म्हणून खाणीचे छत काही आपोआप पक्के होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये चिखल्यात छत कोसळून कामगार दगावले. राष्ट्रीय मालकी हे अर्धे काम झाले. कामगाराच्या जिवाची हमी हे उरलेले अर्धे.

आपल्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील, आता सिंधुदुर्गातील, रेडीचे लोहखनिजही जहाजांनी परदेशी गेले. म्हणून ही कथा आपल्याला परकी नाही. खनिज एकदाच निघते. शेतासारखे ते पुन्हा पिकत नाही. किती टन काढले हे सरकारी अहवालात छापलेले असते. त्यातून किती शाळा, किती दवाखाने, किती कारखाने त्या मुलखात उभे राहिले, हा हिशेब मागण्याचे काम आपले आहे.