चूक कोणत्या सालची?

मागच्या वर्षी गणेशोत्सवाला तीन आठवडे उरले असताना आमच्या मंडळाच्या समितीने माझ्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला. त्यात आरतीआधी पडद्यावर दाखवतात ती चाळीस सेकंदांची फिल्म होती. आमच्यातल्या एका काकांनी ती २०१२ साली आफ्टर इफेक्ट्समध्ये केली होती. अकरा समया, त्यांच्या थरथरत्या ज्योती आणि हळूहळू उमटत जाणारा 'स्वागत' हा शब्द. काका आता नाहीत. दरवर्षी फिल्ममधलं साल तेवढं बदलायचं, असा रिवाज पडला होता. ते काम एका जुन्या लॅपटॉपवर व्हायचं आणि यंदा त्याने मान टाकली.

मी जर्मनीत राहतो, त्यामुळे माझ्या संगणकावरचं सॉफ्टवेअर जर्मन भाषेतलं. मी नवा प्रोजेक्ट उघडला, काकांची फाइल त्यात आणली आणि अकराच्या अकरा ज्योती जागच्या जागी गोठल्या. समितीतल्या एका ताई म्हणाल्या, "नवीनच करून टाक ना, दोन दिवसांचं तर काम." खरं होतं ते. पण मग काकांचं मंडळात काय उरणार? म्हणून मी चुका शोधायला बसलो. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली, तर हा इतिहास कामी येईल.

आफ्टर इफेक्ट्सची पहिली आवृत्ती जानेवारी १९९३मध्ये आली, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरातून. 'कंपनी ऑफ सायन्स अँड आर्ट' नावाची ती छोटी कंपनी त्याच वर्षी आल्डसने घेतली आणि १९९४मध्ये आल्डस अडोबीकडे गेली. तेव्हा हालचाल म्हणजे की-फ्रेम: या क्षणी वस्तू इथे, त्या क्षणी तिथे, मधलं संगणक भरून काढेल. एक ज्योत अशी हलवणं सोपं आहे. अकरा ज्योती, त्याही एकसारख्या न दिसता, हाताने हलवणं म्हणजे रात्रभराचं काम. पुढे 'मोशन मॅथ' नावाची सोय आली. ती गणित करून की-फ्रेम पाडून देई. गणित बदललं की सगळ्या पुन्हा पाडायच्या.

२००१च्या पाचव्या आवृत्तीत एक्स्प्रेशन आलं. आता गणित त्या गुणधर्मातच राहू लागलं आणि प्रत्येक फ्रेमला नव्याने सुटू लागलं. काकांच्या ज्योतींमागे 'विगल' होतं. त्याला दोनच आकडे लागतात: सेकंदाला किती वेळा हलायचं आणि किती हलायचं. या एक्स्प्रेशनची भाषा जावास्क्रिप्ट. मे १९९५मध्ये नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा केला, तो वेब पानांसाठी. ती आमच्या समयांपर्यंत येईल, हे तेव्हा कुणाच्या मनातही नसेल.

आता पहिली चूक. लेयर निवडून ई ही कळ दोनदा पटकन दाबली की सगळी एक्स्प्रेशन समोर येतात. बंद पडलेल्याशेजारी पिवळा त्रिकोण दिसतो. त्यावर क्लिक केलं की तक्रार आणि ओळीचा क्रमांक मिळतो. तक्रार वाक्यरचनेची होती. काकांनी लिहिलं होतं: दोन सेकंद उलटले असतील तर हल, नाहीतर जागेवर राहा. हे सगळं एका ओळीत, महिरपी कंस नाहीत, 'नाहीतर'च्या आधी अर्धविराम नाही. २०१२मध्ये हे बिनबोभाट चालत होतं, कारण तेव्हाचं इंजिन एक्स्टेंडस्क्रिप्ट होतं. ते १९९९च्या जावास्क्रिप्ट प्रमाणावर बेतलेलं आणि अशा बाबतीत सैल. ऑक्टोबर २०१८च्या आवृत्तीत एक्स्प्रेशनसाठी नवं, वेगवान इंजिन आलं. ते व्याकरणाला कडक आहे. जुना प्रोजेक्ट थेट उघडला असता तर जुनंच इंजिन लागू राहिलं असतं. मी तो नव्या प्रोजेक्टमध्ये आणला, म्हणून नवं लागलं. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये इंजिन बदलता येतं. मी मात्र कंस घातले.

ज्योती तरीही हलेनात. दुसरी तक्रार: अमुक नावाचा गुणधर्म सापडत नाही. काकांनी ज्योतींचा जोर एका स्लायडरला बांधला होता आणि त्या स्लायडरचं नाव ठेवलं होतं 'वारा'. हे देवनागरी नाव जर्मन आवृत्तीने निमूट स्वीकारलं, कारण आपण दिलेलं नाव कुणी बदलत नाही. पण 'वारा'च्या आतल्या गुणधर्माला काकांनी 'स्लायडर' अशी इंग्रजी हाक मारली होती आणि जर्मन आवृत्तीत त्याचं नाव 'शीबरेगलर' आहे. हाकेला ओ द्यायला कुणी नव्हतंच. उपाय सोपा आहे: नावाऐवजी क्रमांक लिहायचा. 'वारा'मधला पहिला गुणधर्म जगातल्या कुठल्याही भाषेत पहिलाच असतो. अकरा ठिकाणी एक हा आकडा लिहिला आणि ज्योती थरथरू लागल्या.

राहिला 'स्वागत'. त्या जागी निरर्थक रोमन अक्षरं दिसत होती. काकांनी तेव्हाच्या अनेकांप्रमाणे बिगर-युनिकोड फॉन्ट वापरला होता. त्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. माझ्याकडे तो फॉन्ट नव्हता. मी दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन निवडून शब्द युनिकोडमध्ये टाइप केला. तो नीट जुळला, पण उमटताना बिघडला. काकांच्या फॉन्टमध्ये आधी अर्धा स, मग व, मग काना यायचा, हाताने लिहिल्यासारखा. आता आधी अख्खा स, मग पाय मोडलेला स्, मग एकदम स्व, मग स्वा. आपण 'स्वागत' तीन अक्षरी म्हणतो. जावास्क्रिप्ट स, हलंत, व, काना, ग, त असे सहा मोजते. इथे चूक काकांची नव्हती, माझीच होती. शेवटी 'स्वा', 'ग', 'त' असे तीन तुकडे हाताने यादीत लिहिले आणि एक्स्प्रेशनला यादीतले तुकडे मोजायला लावले.

काकांची एक छोटी स्क्रिप्टही होती: साल बदलायची आणि त्याची नोंद टेक्स्ट फाइलमध्ये करायची. तीही अडली. एक्स्प्रेशन आणि स्क्रिप्ट यांत गल्लत करू नका. एक्स्प्रेशन एका गुणधर्मात राहतं. २००३च्या सहाव्या आवृत्तीपासून आलेली स्क्रिप्ट सबंध प्रोजेक्टवर बाहेरून हुकूम चालवते. २०१८मध्ये इंजिन बदललं ते एक्स्प्रेशनचं. स्क्रिप्ट एक्स्टेंडस्क्रिप्टवरच राहिली. म्हणून एक्स्प्रेशनमध्ये चालणारी नवी जावास्क्रिप्ट स्क्रिप्टमध्ये चिकटवली तर अडते. काकांच्या स्क्रिप्टचं दुखणं मात्र वेगळं निघालं: फाइल लिहायची परवानगी मुळात बंद असते, ती सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. खूण केली आणि स्क्रिप्ट चालली.

चार बिघाड झाले, पण काकांच्या हातून झालेली चूक त्यांत एकही नव्हती. त्यांनी २०१२मध्ये लिहिलेलं २०१२मध्ये बरोबरच होतं. म्हणून तुमच्यापुढे असं काही बंद पडलेलं आलं, तर लगेच पुसून टाकू नका. हे कोणत्या साली, कोणत्या इंजिनसाठी, कोणत्या भाषेतल्या आवृत्तीत लिहिलं गेलं, एवढं आधी विचारा. निम्मं उत्तर तिथेच सापडतं. आणि दुरुस्ती केलीत की वर दोन तिरप्या रेघा ओढून साल आणि कारण लिहून ठेवा. एक्स्प्रेशन ती ओळ वाचत नाही, पण तुमच्यानंतर फाइल उघडणारा वाचेल.

आरतीआधी दिवे मालवले, पडद्यावर समया लागल्या. काकू पहिल्या रांगेत होत्या. फाइलमध्ये काही बदललंय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही, आणि मला तेच हवं होतं.