बॅटरी भरून ठेवावी की अर्धी?



कपाटात ठेवलेली वस्तू स्वस्थ पडून असते असा आपला समज असतो. बॅटरीच्या बाबतीत तो खरा नाही. न वापरलेल्या बॅटरीच्या पोटातही रासायनिक क्रिया मंदपणे चालूच असते. तेव्हा ती ठेवावी कशी, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

१८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते याने शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी तयार केली. ही बॅटरी रिकामी राहिली की पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर चढतो आणि ती निकामी होते. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असली तरी बॅटरी पूर्ण भरून ठेवावी, हे गॅरेजमधला पोऱ्यादेखील शिकला. शिकवण खरी होती. परंतु ती शिशापुरती होती.

लिथियमची जात निराळी. तिचा पाया १९७० नंतरच्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी अमेरिकेत घातला. १९८० साली ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग दाखविला. १९८५ साली जपानात अकिरा योशिनो यांनी धातुरूप लिथियम वगळून कार्बन वापरला व बॅटरी पुष्कळ सुरक्षित केली. १९९१ साली सोनीने ती बाजारात आणली. या तिन्ही शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही बॅटरी काठोकाठ भरून उष्ण जागी ठेवली तर आतील द्रव्ये एकमेकांस खाऊ लागतात. पंचवीस अंश उष्णतेत वर्षभर पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी आपली सुमारे २० टक्के धारणशक्ती गमावते. ४० टक्के भरलेली सुमारे ४ टक्केच. उलट अगदी रिती होऊ दिली, तर आतील तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. पुढे चार्ज करताना ते तांबे भलत्या जागी साचून शॉर्ट सर्किट होऊ शकते. म्हणून नियम असा: अर्धी भरावी, थंड व कोरड्या जागी ठेवावी आणि काही महिन्यांनी पाहावी. फुगलेली बॅटरी मुळीच ठेवू नये.

हे ज्ञान फुकट मिळालेले नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ एक मालवाहू विमान आगीने कोसळले व दोन्ही वैमानिक गेले. मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या संख्येने होत्या. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यास बंदी केली. मालवाहू विमानांतही त्या ३० टक्क्यांहून अधिक भरलेल्या नसाव्यात, असे ठरविले. भरलेली बॅटरी पेटली तर अधिक भडकते, हे त्यामागचे कारण.

आता मला विचारावयाचे ते एवढेच. आकाशातल्या मालासाठी जो नियम झाला, तो जमिनीवरच्या गुदामात पेट्या रचणाऱ्या हमालाला कोणी सांगितला आहे काय? रिक्षाच्या बॅटऱ्या रात्रभर भरीत त्यांच्याच शेजारी निजणाऱ्या पोराला? मालाच्या कागदावर टक्केवारी लिहिली म्हणजे काम संपत नाही. तो नियम कामगाराच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, गुदामाच्या भिंतीवर लागला पाहिजे. आणि तो मागण्याचा हक्क आपला आहे.