राखीव शब्दांची कुळकथा

पाटण तालुक्यातल्या गावांचा सातबारा पाहिला की गट क्रमांक, खातेदार, फेरफार हेच शब्द समोर येतात. या नोंदी डेटाबेसमध्ये घेताना कुणी सहज गटाच्या कॉलमला इंग्रजीत 'ग्रुप' आणि आदेशाच्या कॉलमला 'ऑर्डर' असं नाव दिलं, तर टेबल तयारच होत नाही. संगणक फक्त वाक्यरचनेची चूक दाखवतो. दोष नावाचा आहे, हे शब्द डेटाबेसच्या भाषेने स्वतःच्या आज्ञांसाठी राखून ठेवलेले आहेत, हे नवशिक्याच्या लक्षात यायला बराच वेळ जातो.

ही अडचण जुनी आहे, पण अगदी पहिल्यापासूनची नाही. 1957 च्या फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेत असे राखीव शब्द नव्हते. 'इफ' नावाचं चलसुद्धा चालत असे. कोबोल या भाषेने मात्र 1960 मध्ये इंग्रजी वाक्यांसारखे प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून शब्दांची मोठी यादी स्वतःकडे राखून ठेवली. पुढे 1974 मध्ये आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी डेटाबेससाठी 'सीक्वेल' ही भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. गणिती चिन्हं न शिकलेल्यालाही माहितीला प्रश्न विचारता यावा, हा तिचा हेतू मला फार मोलाचा वाटतो. पण त्यासाठी तिने रोजच्या कामकाजातलेच शब्द घेतले: सिलेक्ट, ग्रुप, ऑर्डर, टेबल, चेक. कचेरीत ज्या नावांची नेमकी गरज पडते, त्यांतलीच काही अशी आधीच गेली.

एसक्यूएलच्या 1992 च्या प्रमाणकाने यातून वाट काढली: नाव दुहेरी अवतरणात लिहा, मग राखीव शब्दही चालेल. पण मायएसक्यूएल या डेटाबेसने उलटं अवतरण चिन्ह (बॅकटिक) वापरलं, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने चौकोनी कंस. शिवाय पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये अवतरणातलं नाव लहान-मोठ्या अक्षरांसकट जसंच्या तसं धरलं जातं, त्यामुळे प्रत्येक क्वेरीत ते तसंच लिहावं लागतं. त्यातच राखीव शब्दांची यादी वाढत राहते. मायएसक्यूएलच्या 2018 मधल्या 8.0 आवृत्तीत विंडो फंक्शनं (ओळींना क्रम देण्यासारखी कामं करणारी) आली, त्यांच्याबरोबर 'रँक' राखीव झाला. तोवर बिनतक्रार चालणाऱ्या, 'रँक' कॉलमच्या क्वेरी अडू लागल्या.

म्हणून अवतरणाच्या आधारावर विसंबण्यापेक्षा नावच पूर्ण द्यावं, असं मला ठामपणे वाटतं: 'ग्रुप'ऐवजी 'गट_क्रमांक', 'ऑर्डर'ऐवजी 'आदेश_क्रमांक'. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्ही देवनागरी नावं स्वीकारतात, आणि राखीव शब्दांची यादी इंग्रजी असल्याने तिच्याशी टक्कर होत नाही. मात्र त्या टेबलाला जोडलेली अहवालाची, छपाईची साधनं देवनागरी नावं पेलतात का, ते आधी तपासून घ्यावं.