दयेचे द्वार

बंगळूरहून म्हैसूरला जाताना वाटेत श्रीरंगपट्टण लागते. ती टिपू सुलतानाची राजधानी. कोकणातल्या बेने इस्रायल समाजातला, घरी मराठी बोलणारा एक ज्यू शिपाई, सामाजी हसाजी दिवेकर, कंपनीच्या फौजेतून लढताना टिपूच्या कैदेत पडला. सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन, असा त्याने नवस केला, असे समाजात सांगतात. १७९६ साली मुंबईत मांडवीला ते मंदिर उभे राहिले. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. त्याचे हिब्रू नाव ‘शाआर हराहमीम’, दयेचे द्वार.

पराक्रमाचे द्वार का नव्हे? फारोची सेना समुद्रात बुडविणारा हाच तो देव! पण त्याच धर्मग्रंथात सदोम नगरीच्या नाशाचा बेत कळताच अब्राहाम देवाला अडवितो. पन्नास सज्जन असले तर? पंचेचाळीस? तीस? भाजीबाजारातल्यासारखी घासाघीस करीत तो दहावर येतो. नगरी वाचत नाही, ही गोष्ट खरी. तथापि सर्वसत्ताधीशाला न्यायाचा जाब विचारता येतो आणि तो रागावत नाही, ऐकून घेतो, हे मला त्या जलप्रलयांहून मोठे वाटते. कैदेतल्या शिपायापाशी देण्यासारखे काहीच नव्हते. होता तो केवळ शब्द.